चार पानांचे पत्रक कोण जपतो?

यवतमाळला बसून सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकरांविषयी कशाला बोलायचे, असे तुम्हाला वाटेल. सांगतो.

हा पंथ छोटा. चर्चला दशमांश द्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही. त्यापायी तुरुंग ठरलेला. मग हे लोक पत्रके छापत : चार पाने, आठ पाने, स्वस्त कागद. असा कागद टिकतो कसा?

एक मार्ग योगायोगाचा. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने 1640 ते 1661 या काळात, कोणत्याही पक्षाचे असो, हाती येईल ते छापील गोळा केले. तो सुमारे बावीस हजारांचा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. दुसरा मार्ग निश्चयाचा. 1673 मध्ये क्वेकरांनी लंडनच्या बैठकीत ठरवले : आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती ठेवायच्या आणि आपल्या विरोधात लिहिलेल्याची एक. विरोधकाचेही जपायचे! आम्हाला यात विचाराचा खरा प्रामाणिकपणा दिसतो. वाद दोन्ही बाजूंनी वाचता आला, तरच तो इतिहास होतो.

बरोबर दोनशे वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीरावांची 'गुलामगिरी' निघाली. अर्पण केली अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्यांना. त्या चळवळीत क्वेकर आघाडीवर होते. पण आपल्याकडे जपणूक कुणी केली? बरीचशी सरकारने. 1867 च्या कायद्याने छापखान्यांना प्रती सरकारजमा कराव्या लागत. 1910 च्या कायद्याखाली जप्त झालेले पुष्कळसे साहित्य आज दिल्लीत आणि लंडनमध्ये सापडते. म्हणजे ज्याने तोंड दाबले, त्याच्याच कपाटात आपला आवाज उरला. पण सरकारने ठेवले ते त्याला धोक्याचे वाटले म्हणून. बाकीचे?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. अशा चळवळीत सभेची हस्तपत्रके निघतात, विरोधाचीही निघतात. वाचनालयात पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. पत्रकाला तो मिळत नाही, म्हणून पहिल्याच साफसफाईत ते रद्दीत जाते.

तेव्हा एवढेच करा. कापसाच्या भावाचे असो, निवडणुकीचे असो, हाती आलेल्या पत्रकावर तारीख आणि गाव लिहा. दोन प्रती आपल्या, एक विरोधकाची. वाचनालयाला एक फाईल उघडायला सांगा. साडेतीनशे वर्षांपूर्वी तुरुंगात जाणाऱ्या माणसांना हे जमले. आपल्याला का जमू नये?