गंगेकाठचं बेट, दादासाहेबांचा वाडा आणि दोन विहिरी

मागच्या शनिवारी एक रिलीज पुढं ढकललं गेलं आणि अचानक दोन दिवस मोकळे मिळाले. सौ. म्हणाली, "चल, मामांकडं जाऊन येऊ." मामा म्हणजे कोपरगाव. नगर जिल्ह्याचं (२०२४ पासून अहिल्यानगर) अगदी उत्तरेचं टोक. माझं आजोळ. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिथंच गेल्या.

कोपरगावात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. "गंगेला पाणी आलंय का रे?" हा पावसाळ्यातला पहिला प्रश्न. जुन्या कागदपत्रांत या काठाच्या मुलखाचं नावच 'गंगथडी' आहे. थडी म्हणजे काठ. छोटा पूल ओलांडला की 'बेट'. नकाशात ते कोपरगावचाच भाग असलं तरी गावकऱ्यांच्या बोलण्यात बेट वेगळं आणि गाव वेगळं.

बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कचेश्वराचंही. कच-देवयानीची गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य, त्यांच्याकडं मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या. देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, ती शिकायला पाठवलं. दैत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा मारलं आणि देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी त्याला पुन्हा पुन्हा उठवलं. हे सगळं इथंच घडलं अशी बेटावरच्या लोकांची पक्की खात्री. शुक्राचार्यांच्या दारात लग्नाला मुहूर्त पहावा लागत नाही असंही मानतात, त्यामुळं लग्नसराईत इथं ही गर्दी. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं नावसुद्धा पूर्वी संजीवनी होतं!

ही झाली पुराणातली गोष्ट. आता इतिहासातली.

गावात राघोबादादांचा वाडा आहे. १७५८ मध्ये ज्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या, तेच हे रघुनाथराव पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याचा डाग त्यांच्यावर बसला तो कायमचा. मग पेशवाईसाठी इंग्रजांशी हातमिळवणी, १७७५ चा सुरतेचा तह, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. १७८२ मध्ये सालबाईच्या तहानं त्याचा शेवट झाला. इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला. महिना पंचवीस हजारांची नेमणूक घ्यायची आणि राजकारणातून बाजूला व्हायचं, असं ठरलं. राहायला त्यांनी निवडलं कोपरगाव. पण तिथं त्यांना फार काळ मिळाला नाही. डिसेंबर १७८३ मध्ये ते गेले. जवळच हिंगणीला त्यांचा दुसरा वाडा होता.

मागं राहिल्या आनंदीबाई, म्हणजे 'ध चा मा' वाल्या (ती दंतकथा खरी की खोटी यावर लोक आजही भांडतात, असो), आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा बाजीराव. धाकटा चिमाजी अप्पा तर वडील गेल्यावर, १७८४ मध्ये जन्मला. पुण्यात नाना फडणीसांचा अंमल. त्यामुळं हे कुटुंब तसं नजरकैदेतच. दुसऱ्या बाजीरावाचं लहानपण असं गंगेच्या काठी, पहाऱ्यात गेलं. पुढं १७९६ मध्ये तो पेशवा झाला आणि १८१८ मध्ये त्याच्याच हातून पेशवाई गेली.

इथपर्यंतचं सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. मामा वाडा दाखवायचे, लाकडी कोरीवकाम दाखवायचे. इंग्रजी अमलात तिथं सरकारी कचेऱ्या होत्या, तेही सांगायचे.

पुढचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सापडलं काही वर्षांपूर्वी, इंग्रजांनी १८८४ मध्ये छापलेलं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर चाळताना.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या स्वारीनं हा मुलूख उजाड झाला. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ. रानातले भिल्ल खायला काही उरलं नाही तेव्हा लुटालूट करू लागले. पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार होता बाळाजी लक्ष्मण. त्यानं १८०४ मध्ये भिल्लांच्या एका मोठ्या जमावाला फसवून कोपरगावला बोलावून घेतलं, पकडलं, आणि त्यातल्या बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. नोंद आहे ती एवढीच, दोन-चार ओळींची. पुढं त्र्यंबकजी डेंगळ्याच्या काळात गंगथडीत भिल्लांची कत्तल होतच राहिली.

आणि तेव्हा पेशवा कोण? दुसरा बाजीराव. ज्याचं बालपण याच गावात गेलं, तोच.

त्या दिवशी मी बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसलो होतो. ज्या गावात मी आंबे खाल्ले, गंगेत डुंबलो, तिथली ही गोष्ट. वाड्याचा आदबीनं उल्लेख होतो, आणि या विहिरींचं नावसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं.

यावेळी मामांना सरळ विचारलं. "मामा, तुम्हाला त्या भिल्लांच्या विहिरी ठाऊक आहेत का?"

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही रे बाबा. ऐंशी वर्षं झाली इथं, पण हे नव्यानंच ऐकतोय." आणि थोड्या वेळानं, "आपल्या शेतावर पिढ्यान् पिढ्या भिल्ल माणसं कामाला आहेत. त्यांना तरी मी कधी विचारलं, की तुम्ही कुठले, तुमच्या घरात काय सांगतात?"

संध्याकाळी दोघं बेटाकडं गेलो. नदीत पाणी बेताचंच. वर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथून निघालेल्या कालव्यांनी या दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला, उसानं कारखाने आणले. तरी ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ सारखा वरून विसर्ग वाढला की गंगा काठावर चढतेच. आणि उन्हाळ्यात त्याच गंगेच्या काठी मामी नळाला पाणी कधी येणार म्हणून आठ-आठ दिवस वाट बघायची. मामी म्हणते, "उशाशी गंगा आणि घशाला कोरड."

काठावर एक कुटुंब जाळी सोडवत बसलं होतं. मामा त्यांच्याजवळ गेले आणि चक्क खाली बसले. आधी मासळीची चौकशी झाली, मग मुलं शाळेत जातात का ते झालं. विहिरींचा विषय काही त्यांनी काढला नाही. पहिल्याच भेटीत तो कुणी काढूही नये. परत येताना म्हणाले, "पुन्हा येईन म्हटलंय त्यांना."

आमच्या धंद्यात एक बरं असतं. कोड कुणी कधी बदलला, काय काढून टाकलं, हे सगळं लॉगमध्ये राहतं. गावाचं तसं नसतं. वाडा उभा राहतो म्हणून लक्षात राहतो, विहीर बुजली की गेली. नोंद केली तरच उरते, आणि ती नोंदसुद्धा इथं परक्यांनी केली.

कचाला संजीवनीनं परत आणलं. त्या विहिरींतल्या माणसांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. निदान ती माणसं होती, एवढं तरी सांगावं, म्हणून हा लेख. तुमचं कुणी कोपरगावचं असेल, घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर जरूर विचारा. काही कळलं तर मला कळवा. मामांना सांगायचंय.

सोमवारी रिलीज आहे. पळतो.