५३ वर्षे, एकच पियानोवादक : मेनाहेम प्रेस्लर आणि बोझार ट्रिओ

१/१३
पाश्चात्त्य अभिजात संगीतात पियानोवादकाची थोरवी बहुधा त्याच्या एकलवादनावरून ठरवली गेली. मेनाहेम प्रेस्लर यांनी मात्र आयुष्याची ५३ वर्षे एका त्रिकुटाला दिली : पियानो, व्हायोलिन आणि चेलो. ही निवड त्या काळी अपवादात्मक का होती आणि तिच्यातून काय उभे राहिले, याचा हा धागा.

२/१३
प्रेस्लर यांचा जन्म १६ डिसेंबर १९२३ रोजी जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान होते. नाझी राजवटीत ज्यू मुलाला शिकवणे धोक्याचे ठरले, तेव्हा चर्चमधील एका ऑर्गनवादकाने त्यांची शिकवणी गुपचूप चालू ठेवली. नोव्हेंबर १९३८ मधील 'क्रिस्टलनाख्ट'च्या हिंसाचारात दुकानाची मोडतोड झाली.

३/१३
१९३९ साली आईवडील आणि भावंडांसह ते इटलीतील त्रिएस्तमार्गे पॅलेस्टाइनला पोहोचले. मागे राहिलेले आजी-आजोबा आणि अनेक नातलग नाझींच्या संहारात मारले गेले. त्या दिवसांत त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. बीथोव्हेनचा ओपस ११० हा सोनाटा वाजवत असताना आपण शुद्ध हरपून पडलो, ही आठवण ते पुढे वारंवार सांगत.

४/१३
१९४६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील दब्युसी स्पर्धेत त्यांनी पहिले पारितोषिक मिळवले. परीक्षकांत दारियस मियो यांच्यासारखे संगीतकार होते. पाठोपाठ युजीन ऑर्मंडी यांच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर वाजवण्याची संधी आली. एकलवादकाचा मार्ग मोकळा झाला होता.

५/१३
त्या काळी चतुष्कांची, म्हणजे चार तंतुवादकांच्या संचांची, कायमस्वरूपी परंपरा होती. पियानो त्रिकुटे मात्र बहुतेक वेळा नामांकित एकलवादक सवडीने एकत्र आले की जमत. कोर्तो-थिबो-कासाल्स किंवा रुबिनस्टाइन-हायफेट्झ-पियाटिगोर्स्की ही त्यांची गाजलेली उदाहरणे. तिघांचीही खरी कारकीर्द अन्यत्र असे.

६/१३
प्रेस्लर यांना मोझार्टच्या त्रिकूट-रचनांचे ध्वनिमुद्रण करायचे होते. त्यासाठी व्हायोलिनवादक डॅनिएल गिले आणि चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउस हे सहकारी लाभले. १३ जुलै १९५५ रोजी टँगलवुड महोत्सवात ऐनवेळी न आलेल्या दुसऱ्या एका त्रिकुटाच्या जागी हे तिघे वाजवायला बसले. बोझार ट्रिओचा हा पहिला जाहीर कार्यक्रम होय.

७/१३
गिले यांचा जन्म १८९९ चा. काल्वे चतुष्कात त्यांनी वादन केले होते, तर तोस्कानिनी यांच्या एनबीसी सिम्फनीत ते प्रमुख व्हायोलिनवादक होते. ग्रीनहाउस हे पाब्लो कासाल्स यांचे शिष्य. ३१ वर्षांचे प्रेस्लर तिघांत सर्वांत लहान होते. एकलवादनात यश मिळवून आलेल्या या तरुणाला सहवादनाची शिस्त अशा अनुभवी सोबत्यांच्या संगतीत आत्मसात करायची होती.

८/१३
ही शिस्त कठीण का, याचे उत्तर वाद्याच्या इतिहासात आहे. हायडनच्या काळी अशा रचना 'व्हायोलिन व चेलोच्या साथीसह पियानोसाठी सोनाटा' म्हणून छापल्या जात. तेव्हाच्या लाकडी चौकटीच्या पियानोचा खर्ज क्षीण असे, म्हणून चेलो बहुतांशी पियानोवादकाच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवून त्याला बळ देई.

९/१३
१७९५ साली प्रसिद्ध झालेल्या बीथोव्हेनच्या ओपस १ पासून चेलोला अधिक स्वातंत्र्य मिळू लागले. त्याच वेळी पियानोही बलवान होत गेला. एकोणिसाव्या शतकात लोखंडी चौकट आली आणि जे वाद्य पूर्वी आधार मागत होते, तेच आता सोबत्यांना झाकोळू लागले. म्हणजे आधुनिक पियानोवर हे संगीत वाजवताना आवाजाचा तोल सांभाळण्याची मोठी जबाबदारी पियानोवादकावर येते. आपले सामर्थ्य कुठे आवरायचे हे त्याला सतत ठरवावे लागते. प्रेस्लर यांच्या वादनातील मृदू स्पर्शाची जी वाखाणणी झाली, तिच्यामागे हा दीर्घ सराव होता.

१०/१३
या मार्गात मानधनाचे तीन वाटे होतात आणि कीर्तीचेही. प्रेस्लर १९५५ पासूनच इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. दौऱ्यांच्या अनिश्चित जीवनाला या नोकरीचा स्थिर आधार मिळाला आणि अध्यापन ही त्यांची दुसरी आजीवन कारकीर्द ठरली. फिलिप्स कंपनीसाठी त्रिकुटाने हायडनच्या सर्व त्रिकूट-रचना ध्वनिमुद्रित केल्या. १९७९ साली ब्रिटनच्या 'ग्रामोफोन' मासिकाने या संचाला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान दिला. एरवी मैफलींत क्वचितच ऐकू येणारे संगीत त्यामुळे घरोघरी पोहोचले.

११/१३
५३ वर्षांत पाच व्हायोलिनवादक झाले : गिले, इसिडोर कोहेन, इडा कावाफियान, युंग उक किम आणि डॅनिएल होप. चेलोवादक तीन : ग्रीनहाउस, पीटर वायली आणि अंतोनियो मेनेझिस. पियानोवादक शेवटपर्यंत एकच. प्रत्येक नव्या सोबत्याबरोबर शेकडो वेळा वाजवलेल्या रचना पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागत. परंपरा टिकली ती या पुनःपुन्हा केलेल्या तालमींमुळे.

१२/१३
अखेर होप यांनी स्वतःच्या कारकिर्दीकडे वळायचे ठरवले आणि ६ सप्टेंबर २००८ रोजी ल्युसर्न येथे त्रिकुटाची शेवटची मैफल झाली. प्रेस्लर तेव्हा ८४ वर्षांचे होते. तरुणपणी मागे टाकलेला एकलवादनाचा मार्ग त्यांनी आता पुन्हा धरला. ३१ डिसेंबर २०१४ रोजी, ९१ व्या वर्षी, त्यांनी सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकसोबत मोझार्टची ए मेजरमधील कॉन्चेर्टो वाजवली.

१३/१३
ज्या देशातून जीव वाचवून पळावे लागले, त्याचे नागरिकत्व त्यांनी २०१२ साली पुन्हा स्वीकारले. माग्डेबुर्गनेही त्यांना मानद नागरिक केले. यातून झालेला संहार पुसला जात नाही. पण हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्यावरचा हक्क त्यांनी नाझींच्या हाती कधीच जाऊ दिला नव्हता. ६ मे २०२३ रोजी लंडन येथे, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पियानो त्रिकूट ही सवडीची नव्हे, तर पूर्ण आयुष्याची साधना असू शकते, हे दाखवणारी ध्वनिमुद्रणे आणि जवळजवळ सात दशकांत घडवलेले शिष्य त्यांनी मागे ठेवले.