जंगल आधी की देऊळ? पेडगावच्या रानात सायकलवरून

संशोधनाचा आराखडा लिहायला बसला असाल, तर आज तुम्हाला माझ्या पहिल्या आराखड्यातला एक चुकलेला शब्द दाखवते. शब्द अगदी साधा आहे: जंगल. माझं शीर्षक होतं 'भीमाकाठच्या जंगलातील प्राचीन मंदिरे'. ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. ते कसं कोसळलं हे कळायला तुम्हाला माझ्यासोबत सायकलवर यावं लागेल.

श्रीगोंद्याहून दक्षिणेला भीमेच्या दिशेनं पंधराएक किलोमीटर गेलं की पेडगाव येतं. गाडीनं गेलात तर एवढंच कळतं. सायकलवर मात्र जमीन वाचता येते. वाटेत दुतर्फा ऊस दिसतो, पण तो घोड आणि कुकडीच्या कालव्यांचा. कालवा संपला की लगेच माळ सुरू होतो. पावसाच्या हिशेबानं हा अवर्षणाचा तालुका. अशा मुलखात घनदाट जंगल कुठून आलं, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. पडला नाही.

पेडगावचा किल्ला म्हणजे बहादूरगड, आजचं नाव धर्मवीरगड. गावाकडून आत शिरताना भैरवनाथाचं देऊळ लागतं आणि पुढं वेड्या बाभळीची झाडी सुरू होते. या झाडीत बालेश्वर, लक्ष्मीनारायण, मल्लिकार्जुन, रामेश्वर अशी देवळं विखुरलेली आहेत. काही नुसते खांब आणि चौथरे उरलेत. लक्ष्मीनारायणाचं शिखर गेलंय, पण भिंती आणि मंडप उभे आहेत. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघत एक प्रदक्षिणा घालायलाच अर्धा तास लागतो. आमच्यासोबत गावातलेच एक वाटाड्या होते. ते पुढं, आम्ही चौघं मागं, सायकली हातात धरून.

तिथंच माझ्या सायकलचं पुढचं चाक बसलं. एक काटा थेट ट्यूबमध्ये. वाटाड्या पंक्चर काढायला बसले आणि मी शेळ्या राखणाऱ्या एका आजींपाशी जाऊन टेकले. बोलता बोलता सहज म्हटलं, "आजी, केवढं जुनं जंगल आहे हो हे!" आजी हसल्या. म्हणाल्या, "जुनं कुठलं बाई? मी लग्न होऊन आले तवा इथनं सरळ नदी दिसायची. ही बाभळ नंतर माजली."

आता हा काटा हातात घ्या, कारण तो पुरावा आहे. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. भारतात तिची लागवड सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. ही देवळं ढोबळमानानं यादवकाळातली, म्हणजे झाडीपेक्षा निदान सहाशे वर्षांनी जुनी. म्हणजे बघा, 'जंगलातली देवळं' असं नाहीच. ही देवळांतली झाडी आहे. मी ज्याला प्राचीन समजत होते, तोच या जागेवरचा सगळ्यात नवा थर होता.

एका शब्दानं एवढं काय बिघडतं? बरंच. 'जंगल' म्हटलं की आपण न विचारताच गृहीत धरतो की देवळं एकांतात होती, विसरली गेली आणि मग कुणीतरी ती 'शोधली'. पेडगावचा इतिहास याच्या नेमका उलटा आहे. १६७० च्या दशकात मुघल सुभेदार बहादूरखान कोकलताश यानं इथं मोठी छावणी बसवली, किल्ल्याला नाव पडलं ते त्याचंच. नदीचं पाणी वर चढवायला बांधलेल्या हत्तीमोटेचे अवशेष आजही दिसतात. एवढं पाणी ओसाड रानासाठी कोण चढवतं? माणसं, घोडे, हत्ती यांनी गजबजलेली ही जागा होती.

आणि याच जागी फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर आणलं गेलं, त्यांची विटंबना झाली. इथं येणारे बहुतेक लोक त्या आठवणीसाठी येतात. देवळांकडे बघायला थांबतीलच असं नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता येत नाही. लोक ज्या खांबापुढं हात जोडतात, तो खांब यादवकाळाबद्दल काही सांगणार नाही, पण आज या जागेला काय अर्थ आहे ते सांगतो. तोही एक थर आहे. आपण फक्त एका थराचं साधन दुसऱ्या थरासाठी वापरायचं नाही.

हीच गल्लत 'हेमाडपंती' या शब्दात होते. चुना न वापरता घडवलेल्या दगडांचं देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हे यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातले, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. अंबरनाथच्या देवळातल्या शिलालेखाचा शक आहे ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. हेमाद्रींच्या दोनशे वर्षं आधी! तेव्हा बोलताना हेमाडपंती खुशाल म्हणा, पण प्रबंधात तो शब्द तारीख म्हणून वापरू नका. शैली फार तर शतक सुचवते, साल नाही.

कंबोडियात अंकोरलाही पर्यटकांना सायकलवरून देवळं दाखवतात. तिथलं ता प्रोम देऊळ झाडांच्या मुळांनी वेढलेलं आहे, फोटो तुम्ही पाहिलाच असेल. फ्रेंच अभ्यासकांनी ते मुद्दाम तशा अवस्थेत राखलं होतं. २०१२ साली तिथं हेलिकॉप्टरमधून लायडार सर्वेक्षण झालं आणि झाडीखाली रस्ते, तळी, वस्तीचे उंचवटे यांची आखणी दिसली. तिथंही रान नंतरचं, शहर आधीचं.

मग पेडगावची झाडी सरसकट काढून टाकायची का? इथं जपून. बाभळीची मुळं दगडांच्या सांध्यात शिरून भिंती फोडतात हे खरं. पण यंत्र लावून झाड मुळासकट उपटलं तर मुळांनी धरलेले दगडही निघतात आणि वरच्या मातीतली खापरं विस्कटतात. ती कुठं पडली होती हे एकदा गेलं की गेलं. म्हणून आधी नोंद, मग सफाई, तीही हातानं, बुंध्यापासून कापून.

माझ्या आराखड्यातलं 'जंगलातील' मी खोडलं. त्याजागी प्रश्न आला: पेडगावची वस्ती उठली कधी, आणि रान चढलं कधी? विषय बदलला नाही, पण काम खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं.

तुम्हीही एक करून बघा. तुमच्या शीर्षकातला सगळ्यात सुंदर वाटणारा शब्द घ्या आणि त्याला विचारा, तू इथं कधीपासून आहेस? उत्तर ग्रंथालयात मिळालं नाही, तर सायकल काढा. आणि हो, पंक्चरचं सामान सोबत ठेवा.