बापाच्या वयाचा बाण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारसाठी मी एक स्लाइड केली होती. तीन चौकोन, दोन बाण. बापाचं वाढतं वय, त्यातून नवी म्युटेशन्स, त्यातून स्किझोफ्रेनिया. मागच्या बाकावरून एका सीनियरने विचारलं, "हे दोन बाण दोन वेगळ्या पेपरांतले ना? मग सलग कुणी दाखवलंय?" मी गप्प. त्या प्रश्नामागचा इतिहास मी नंतर वाचला, तोच सांगते.

आधी जुनी गोष्ट. 1916 मध्ये म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍यूडिनने रुग्णांच्या भावंडांची मोजदाद केली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे गुणोत्तर मिळेल अशी अपेक्षा होती, ते मिळालं नाही. तरी 1933 च्या जर्मन सक्तीच्या नसबंदी कायद्यात स्किझोफ्रेनिया होता, आणि त्या कायद्याच्या अधिकृत भाष्याच्या लेखकांत र्‍यूडिनही होता. आकडे जुळत नव्हते, पण 'घराण्यातच दोष' हे मत पक्कं झालं होतं.

पण एक कोडं उरतंच. या आजाराच्या रुग्णांना सरासरीने मुलं कमी होतात. मग धोका वाढवणारी जनुकं पिढ्यानपिढ्या टिकतात कशी? एक शक्यता अशी की काही बदल आईबापांत नसतातच, ते मुलात पहिल्यांदाच दिसतात. यालाच डी नोव्हो म्युटेशन म्हणतात.

2001 मध्ये डोलोरेस मालास्पिना आणि सहकाऱ्यांनी जेरुसलेममध्ये 1964 ते 1976 दरम्यान जन्मलेल्या 87,907 जणांच्या नोंदी मानसिक आजारांच्या राष्ट्रीय नोंदवहीशी जोडल्या. बाप पन्नाशीचा किंवा त्याहून मोठा असेल, तर पंचविशीच्या आतल्या बापाच्या तुलनेत धोका जवळपास तिप्पट. (घाबरू नका. सगळे मिळून रुग्ण 658 होते, म्हणजे शंभरात एकही नाही.)

2008 मध्ये बिन शू, मारिया काराइओर्गू वगैरेंनी दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर कुटुंबांत पाहिलं. घरात दुसरा कुणी आजारी नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे 10 टक्क्यांत डीएनएचा मोठा तुकडा नव्यानेच गळालेला किंवा दुप्पट झालेला होता. निरोगी लोकांत हे प्रमाण 1.3 टक्के. 2012 मध्ये आइसलँडच्या 78 कुटुंबांतून कळलं की बापाचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवी म्युटेशन्स वाढतात. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, प्रत्येक वेळी नक्कल, आणि नकलेत चुका.

आता सांगा, बाण काढायचा मोह कुणाला होणार नाही?

गंमत डेन्मार्कमध्ये झाली. 2011 मध्ये तिथल्या संशोधकांनी विचारलं: एकाच बापाचं पहिलं मूल तिशीत आणि दुसरं चाळिशीत झालं, तर दुसऱ्याला धोका जास्त का? म्युटेशन हे कारण असेल तर असायलाच हवा. पण धोक्याशी नातं दिसलं ते बाप पहिल्यांदा बाप झाला त्या वयाचं. पुढच्या मुलाच्या वेळच्या वयाचं नाही! म्हणजे ज्या पुरुषांत आजाराकडे झुकणारी जनुकं आधीच थोडी जास्त आहेत, त्यांची लग्नं किंवा मुलं उशिरा होत असतील. 2016 मध्ये जेकब ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं, की वयाबरोबर साठणाऱ्या नव्या म्युटेशन्समुळे बापाच्या वयाचा परिणाम मुख्यत्वे समजावता येत नाही.

म्हणून नवी म्युटेशन्स बिनमहत्त्वाची ठरतात का? अजिबात नाही. गुणसूत्र 22 वरचा 22q11.2 हा तुकडा गळण्याचे बहुतेक प्रसंग नव्यानेच घडतात, आणि तो गळालेल्या दर चार जणांपैकी सुमारे एकाला स्किझोफ्रेनिया होतो. 2022 च्या स्कीमा अभ्यासात 24,248 रुग्णांच्या तपासणीतून दहा जनुकं पुढे आली. त्यांत क्वचित आढळणाऱ्या, जनुक बिघडवणाऱ्या बदलांनी धोका बराच वाढतो. पण असे बदल असणारे रुग्ण थोडे. बाकीच्यांत शेकडो वारशाने आलेले, एकेकटे किरकोळ असलेले फरक असतात.

ती स्लाइड मी अजून वापरते. दोन्ही बाण तिथेच आहेत, फक्त पहिल्या चौकोनातून तिसऱ्याकडे जाणारी एक तुटक रेघ वाढवली आहे, आणि तिच्यावर लिहिलंय: उशिरा लग्न?