बधिर शिक्षक आणि खुणांच्या भाषेची परंपरा

भाषा आईकडून मुलाकडे, घराकडून पुढच्या पिढीकडे जाते, हे भाषिक परंपरेच्या विचारातील एक रूढ गृहीतक आहे. बधिरांच्या भाषेला ते लागू पडत नाही. बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात आणि घरात खुणांची भाषा कोणालाच अवगत नसते. या भाषेला सर्वमान्य लिपीही नाही. परिणामी तिचे संक्रमण मुख्यतः शाळेत घडते आणि बधिर मुलांचा शिक्षक हा अध्यापकाबरोबरच परंपरेचा वाहकही ठरतो. या दृष्टीने त्याचा इतिहास भाषा-साहित्याच्या अभ्यासकांसाठीही महत्त्वाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः अठराव्या शतकातील पॅरिसच्या आबे द लेपे यांच्यापासून मानला जातो. मात्र खुणांची भाषा त्यांनी निर्माण केली नव्हती. प्येर देलोज या बधिर बुकबाइंडरने १७७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, ही भाषा आपण एका निरक्षर बधिर नोकराकडून शिकल्याचे नमूद केले आहे. लेपे यांनी फ्रेंच व्याकरणातील लिंग, काळ, उपपदे यांसाठी स्वतंत्र खुणा योजल्या आणि वाक्याचे शब्दास शब्द रूपांतर करण्याची पद्धत घालून दिली. विद्यार्थी त्यावरून शुद्ध फ्रेंच वाक्य लिहू शकत. स्वतःचे वाक्य रचणे मात्र त्यांना कठीण जाई. शब्दशः भाषांतराची ही मर्यादा बेबियाँ यांनी ओळखली. बधिरांच्या स्वाभाविक भाषेलाच शिक्षणाचा पाया मानावे, असा आग्रह त्यांनी १८१७ पासून धरला. बेबियाँ यांना ऐकू येत होते. त्यांना ही भाषा उमगली ती लोराँ क्लेर या बधिर शिक्षकाच्या सहवासात.

क्लेर हे स्वतः झाँ मास्यू या बधिर शिक्षकाचे विद्यार्थी. १८१६ मध्ये ते थॉमस गॅलॉडेट यांच्यासह अमेरिकेस निघाले. त्या समुद्रप्रवासात क्लेर इंग्रजी शिकले आणि गॅलॉडेट खुणांची भाषा. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. फ्रेंच खुणा आणि स्थानिक बधिरांच्या खुणा यांच्या संपर्कातून तेथे अमेरिकी खुणांची भाषा आकारास आली. पुढील काही दशकांत अमेरिकेतील बधिरांच्या शाळांमधून बधिर शिक्षकांची एक भक्कम पिढी उभी राहिली.

१८८० च्या मिलान परिषदेने ही साखळी खिळखिळी केली. वाणीचे श्रेष्ठत्व घोषित करणाऱ्या या परिषदेच्या १६४ प्रतिनिधींपैकी बधिर प्रतिनिधी केवळ एक होता. वाचिक पद्धतीत उच्चार शिकवणे हेच मुख्य कार्य ठरल्यामुळे बधिर शिक्षक आपोआपच अपात्र ठरला. खुणा वसतिगृहात आणि खेळाच्या मैदानावर टिकून राहिल्या, परंतु त्या भाषेतील प्रौढ, अनुभवी वक्ता मुलांसमोरून नाहीसा झाला.

मुंबईत बधिरांची शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलाननंतर. भारतातही वाचिक पद्धतीचेच वर्चस्व दीर्घकाळ राहिले. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेची संरचना मांडली. ते मुळात मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते, ही बाब लक्षणीय आहे. भारतात मदन वसिष्ठ या बधिर अभ्यासकाने वुडवर्ड व डि सँटिस यांच्यासह दिल्लीतील खुणांवर लिहिलेला ग्रंथ १९८० मध्ये आला. व्हँकुव्हर येथे २०१० च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारण्यात आले. २०१५ मध्ये नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या भाषेच्या प्रमाणीकरणाचा समावेश झाला.

प्रमाणीकरणाची गरज मान्य केली तरी लेपे यांचा अनुभव विसरता येत नाही. कोश आणि प्रमाणित खुणा शब्दसंग्रह देतात. कथा कशी सांगावी, विनोद कसा करावा, शोक कसा व्यक्त करावा, हे मूल ती भाषा जगणाऱ्या माणसाकडूनच शिकते. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंगहक्कविषयक करारात सांकेतिक भाषा जाणणाऱ्या, अपंगत्व असलेल्या शिक्षकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याचे महत्त्व रोजगाराच्या हक्कापुरते सीमित नाही. मास्यूंकडून क्लेर यांच्याकडे जी परंपरा आली, तिच्या सातत्याचाच तो प्रश्न आहे.