चिडाला टोचलेले जंताचे औषध

जपानमध्ये नागासाकीच्या परिसरात १९०५ च्या सुमारास चिडाची झाडे अचानक वाळू लागली. उन्हाळ्याच्या अखेरीस हिरवेगार झाड तांबूस पडे आणि थोड्याच आठवड्यांत मरून जाई. सालीखाली भुंगेरे सापडत, म्हणून दोष त्यांच्या माथी गेला. साठ-पासष्ट वर्षे तो तसाच राहिला.

१९७१ मध्ये कियोहारा व तोकुशिगे यांनी निरोगी झाडांत सूत्रकृमी सोडले, तेव्हा ती झाडे वाळल्याचे प्रसिद्ध झाले. कृमीची लांबी सुमारे एक मिलिमीटर. त्याला स्वतः दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. भुंगेरा कोवळ्या फांदीची साल कुरतडतो, त्या जखमेतून तो आत शिरतो. म्हणजे भुंगेऱ्यावरचा संशय अगदीच खोटा नव्हता. तो मारेकरी नसून वाहक होता, इतकेच!

मग हेलिकॉप्टरमधून फेनिट्रोथिऑनची फवारणी झाली. पण तिने इतर कीटकही मरतात. थेट कृमीवरच चालणारे संयुग शोधणे भाग होते.

हे कृमी प्रयोगशाळेत बुरशीवर वाढतात. बशीतील द्रावणात ते सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. सोपे वाटते, पण येथे एक फसगत आहे. निश्चल कृमी मेलेलाच असतो असे नाही. काही औषधे त्याचे स्नायू नुसते आखडवतात. म्हणून त्याला स्वच्छ पाण्यात ठेवून तो पुन्हा वळवळतो का, हे बघावे लागते. शिवाय बशी म्हणजे झाड नव्हे. संयुग रसाबरोबर शेंड्यापर्यंत चढले पाहिजे, तेथे टिकले पाहिजे आणि झाडाला अपाय करता कामा नये.

या कसोट्यांना उतरली ती गुराढोरांच्या जंतांवरची औषधे: मोरँटेल टार्ट्रेट आणि लेव्हामिसोल. पुढे एमामेक्टिन बेन्झोएट आले. ते ॲव्हरमेक्टिनपासून बनवतात. आणि ॲव्हरमेक्टिन देणारा सूक्ष्मजीव सातोशी ओमुरा यांना जपानच्याच मातीत सापडला होता. २०१५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

बुंध्याला भोक पाडून औषध हिवाळ्यात, भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी, भरतात. वाळू लागलेल्या झाडाला त्याचा उपयोग नाही, कारण आतला पाण्याचा प्रवाहच तुटलेला असतो. एकेक झाड टोचणे खर्चाचे, त्यामुळे ही पद्धत मुख्यतः बागा व देवळांतील मोलाच्या वृक्षांपुरती राहिली. रानातले मेलेले चीड तोडून नष्टच करावे लागतात. १९९९ मध्ये हा कृमी पोर्तुगालमध्ये आढळला, तेव्हा तेथेही कुऱ्हाडच आधी चालली.