भिंगार व अहमदनगर : वसतिस्थानाची निवड

चाकरीनिमित्त गाव सोडणारा मनुष्य कामाच्या जागेलगतचे ठिकाण वसतीस पाहतो; राज्यकर्त्यांचाही न्याय हाच. अहमद निजामशहाचे ठाणे जुन्नर व लक्ष्य दौलताबादचा किल्ला. दरसाल जुन्नराहून मोहीम नेणे अवघड. म्हणून उभयतांच्या मध्यावर, सीनेकाठी, त्याने इ. स. १४९४ त नगर वसविण्यास आरंभ केला, असे फिरिस्ता लिहितो. दौलताबाद १४९९ त हस्तगत झाले. निवड सार्थ ठरली.

परंतु ती भूमी निर्जन नव्हती. भिंगार तेथे पूर्वीच होते. त्याच्याच परिसरात २८ मे १४९० रोजी बहामनी सरदार जहांगीरखानाचा पराभव झाला. सारांश, ज्यास आपण उपनगर म्हणतो ते नगराहून वडील आहे. 'उप' म्हणजे समीप. त्यात कनिष्ठत्व नाही. १८०३ त किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे भिंगारालगत छावणी पडली. २०२४ त नगराचे नाव अहिल्यानगर झाले; भिंगार भिंगारच राहिले.

म्हणून संग्राहकांस विनंती की, भिंगारचा कागद नगरच्या दप्तरात मिसळू नये. चाकरीचे ठिकाण व राहते गाव ही दोन्ही टिपून ठेवावीत. ही नोंद एकदा बुजली, म्हणजे घराणे कोठून येऊन कोठे वसले हे पुढे कळणे कठीण.